हंडीतले स्तवन

चरबी आणि मांस यांचे थर असलेले, डुकराच्या पोटाकडचे मांस सोया सॉसमध्ये मंद आचेवर शिजवणे ही चिनी घरांतली एक मानाची पाककृती आहे. ‘होंगशाओ रो’, म्हणजे तांबूस शिजवलेले मांस, हे तिचे घरगुती नाव. हांगचौ शहरात याच मांसाचे मोठे चौकोनी तुकडे शिजवतात, पुष्कळदा दोरीने बांधून. त्यांना ‘दोंगपो रो’ म्हणतात. हे दुसरे नाव एका कवीचे आहे, आणि त्या कवीने याच मांसावर एक छोटी कविता लिहून ठेवली आहे. पदार्थ आणि कविता यांचे नाते आज कितपत उरले आहे, हे पाहण्यासारखे आहे.

सू शी (१०३७–११०१) हा सुंग राजवटीतील श्रेष्ठ कवी आणि राजसेवक. कवितांतून राज्यकारभाराची निंदा केल्याच्या आरोपावरून १०७९ साली त्याला अटक झाली आणि १०८० मध्ये यांगत्से नदीकाठच्या हुआंगचौ येथे त्याची रवानगी झाली. पद नावापुरते होते, अधिकार काहीच नव्हता. गावाच्या पूर्वेकडील उतारावरची पडीक जमीन कसून त्याने कुटुंबाला हातभार लावला आणि त्या उतारावरूनच ‘दोंगपो’, म्हणजे पूर्वेचा उतार, हे नाव धारण केले. ‘डुकराच्या मांसाचे स्तवन’ ही कविता याच काळाशी जोडलेली आहे.

स्तवन हा चिनी परंपरेतला गंभीर प्रकार. प्राचीन काव्यसंग्रहातील मंदिरगीतांनाही हेच नाव आहे. दरबारात त्या काळी मान होता तो बोकडा-मेंढ्याच्या मांसाला. अशा वेळी मातीमोलाच्या मांसासाठी हा भारदस्त प्रकार वापरणे ही कवीची थट्टा खरी, पण ती पोकळ थट्टा नाही. स्वच्छ भांडे, थोडे पाणी, ज्वाळा दाबून धुमसत ठेवलेला विस्तव आणि घाई न करण्याचा सल्ला, एवढीच तिची सामग्री. सोया सॉस, साखर, मद्य यांचा कवितेत उल्लेखही नाही. पदार्थाला चव येते ती आचेने आणि वेळेने, हा तिचा गाभा.

येथे एक आक्षेप घेतला पाहिजे. श्रीमंत हे मांस खात नाहीत आणि गरिबांना ते शिजवता येत नाही, असे कवी म्हणतो. यातला पहिला भाग उपरोध आहे. दुसरा मात्र गरिबावर अन्याय करणारा वाटतो. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला चुलीपाशी तासन्‌तास बसायला सवड कोठून मिळणार? त्याच्याकडे उणीव ज्ञानाची नाही, वेळेची आहे. कवीला ती सवड मिळाली, कारण त्याचे काम काढून घेण्यात आले होते. पण कवितेचे मोल नेमके येथेच आहे. शिक्षा म्हणून वाट्याला आलेला रिकामा वेळ त्याने कुढण्यात घालवला नाही. तो हंडीखाली लावला. शेवटी सकाळी उठून दोन वाडगे खाणारा हा माणूस तृप्त आहे, आणि त्या तृप्तीत तक्रारीला जागा नाही.

पुढे हा पदार्थ श्रीमंतांच्या पंगतीत गेला. १०८९ मध्ये सू शी हांगचौचा प्रशासक झाला आणि त्याने तेथील पश्चिम सरोवराचा गाळ काढवला. कृतज्ञ लोकांनी त्याला मांस आणून दिले, अशी कथा लोक सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. युआन मेई याच्या १७९२ च्या पाकग्रंथात मांस मद्यात शिजवण्याची रीत आहे. वरचेवर झाकण उघडू नये, असेही तो बजावतो. साहित्य वाढले, तरी धीराचा धडा टिकून राहिला.

आजच्या झटपट कृतींत मात्र तोच गळतो. प्रेशर कुकरमध्ये मांस मऊ होते, पण वाफ कोंडल्यामुळे रस आटत नाही आणि तुकड्यावर तकाकी चढत नाही. घरी करायचे तर कातडीसकट एक किलो मांसाचे दोन बोटे रुंद तुकडे करावेत आणि उकळत्या पाण्यातून काढून धुवावेत. थोड्या तेलात खडीसाखर तांबूस करून त्यात ते परतावेत. आले, पातीचा कांदा, सोया सॉस, असल्यास तांदळाचे मद्य आणि तुकडे जेमतेम बुडतील इतके गरम पाणी घालून झाकण ठेवावे. मंद आचेवर सुमारे दोन तासांत कातडी लुसलुशीत होते. मग झाकण काढून रस आटवावा. आपल्या विंदालू-सोरपोतेलातली मिरची आणि व्हिनेगर येथे शोधू नयेत. त्यांच्या तिखट-आंबटपणाला जे जमते ते येथे आचेवर सोपवलेले आहे.

तेव्हा कृतींच्या पुस्तकात अर्ध्या तासात होणारे ‘दोंगपो’ दिसले, तर ते चविष्ट असेलही, पण ते नाव त्याला शोभत नाही. घरात दोन तास मोकळे असतील त्या दिवशीच हा पदार्थ करावा. इतर दिवशी दुसरे काही शिजवावे.