'मुळे' कधी लिहायचं? मेंदूच्या गाठीवरचे पेपर वाचताना

पीएच.डी.च्या मुलाखतीला जाताना पेपरचं शीर्षक आपण पाठ करतो, पण त्यातल्या क्रियापदाकडे दुर्लक्ष करतो. "अमुक गोष्टीमुळे गाठ वाढते" हा फार मोठा दावा आहे. तो कोणत्या प्रयोगावर उभा आहे, हे ग्लिओमा या मेंदूच्या कर्करोगावरच्या कामात तपासून पाहू.

सुरुवात पुण्यापासून. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या अंजली शिरास आणि सहकाऱ्यांचा पेपर २००७ साली 'स्टेम सेल्स'मध्ये आला. गाठ न करणाऱ्या एचएनजीसी-१ पेशींमधून कल्चरमध्ये आपोआप एचएनजीसी-२ या आक्रमक पेशी तयार झाल्या, आणि जनुकीय अस्थिरतेमुळे हे झालं, असं हा पेपर सांगतो. याची ताकद अशी की बदलाआधीच्या आणि बदलानंतरच्या पेशी शेजारी ठेवून तुलना करता येते. मर्यादाही तिथेच आहे. डिशमध्ये न्यूरॉन नाहीत. त्यामुळे पेशी कर्करोगी कशी झाली हे कळतं, पण मेंदूत तिला वाढवतं कोण, हा प्रश्न या मांडणीत विचारताच येत नाही.

तो प्रश्न २०१५ मध्ये 'सेल'मधल्या पेपरने विचारला. स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या प्रयोगशाळेतल्या हम्सा वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतले न्यूरॉन प्रकाशाने उद्दीपित केले, तर तिथे रोपलेल्या मानवी ग्लिओमा पेशी जास्त विभागल्या. उद्दीपित मेंदूच्या कापाभोवतालचं द्रव नुसतं डिशमध्ये घातलं तरी तेच झालं. म्हणजे निरोप द्रवातून जातो. त्या निरोपातला एक मोठा वाटेकरी निघाला न्यूरोलिजिन-३ हे प्रथिन.

इथवर पेपर भक्कम आहे. पुढे मात्र जरा थांबा. रुग्णांच्या गाठीत न्यूरोलिजिन-३चा एमआरएनए जास्त असेल तर आयुष्य कमी, असा संबंधही त्यात दाखवला आहे. पण हे प्रथिन मिळाल्यावर ग्लिओमा पेशी स्वतःही ते बनवू लागतात, हे याच पेपरात आहे. मग गाठीत मोजलेला एमआरएनए न्यूरॉनचा की गाठीचा? या आकड्यावरून ते ठरत नाही.

मनीषनगरचं रेल्वे फाटक आठवा. फाटक बंद झालं की गर्दी होते, हे सगळ्यांना दिसायचं. पण गर्दी फाटकामुळेच होते, हे ठरवायचं तर फाटक बाजूला काढून बघायला लागतं.

२०१७ च्या 'नेचर'मधल्या पेपरने नेमकं हेच केलं. न्यूरोलिजिन-३ नसलेल्या उंदरांच्या मेंदूत ग्लिओमाची वाढ खुंटली, पण मेंदूत पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढत राहिल्या. हा कंट्रोल नजरेआड करू नका. मेंदूत काहीही वाढत नाही असं नसून ग्लिओमालाच या निरोपाची गरज आहे, हे त्यावरून कळतं. हे प्रथिन पेशीपासून कापून सुटं करणारं एडीएएम१० हे विकर रोखल्यावरही गाठींची वाढ रोखली गेली.

तरी दोन गोष्टी लिहून ठेवा. या उंदरांची प्रतिकारशक्ती मुद्दाम क्षीण ठेवलेली असते, म्हणजे टी-पेशींचा संवाद चित्रात नाहीच. आणि काही गाठी काही महिन्यांनी पुन्हा वाढू लागल्या. शीर्षकातला 'अवलंबित्व' हा शब्द कमावलेला आहे, पण कायमचा नाही.

हा शब्दांचा कीस नाही. याच कामाच्या आधारावर लहान मुलांच्या ग्लिओमासाठी एडीएएम१० रोखणाऱ्या औषधाची चाचणी सुरू झाली. आपण सहज लिहिलेलं 'मुळे' असं कुणाच्या तरी खाटेपर्यंत पोचतं.

तेव्हा प्रपोजल लिहिताना 'मुळे' आलं की खाली लगेच टिपा: ती गोष्ट काढून पाहिली का, आणि कोणत्या मांडणीत? उत्तर नसेल तर तूर्त 'सोबत दिसतं' एवढंच लिहा. मुलाखतीत त्यावरून प्रश्न येईल, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल.