बाळाच्या पावलांचा हिशेब

बालविकासाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत एक तक्ता असतो. एका रकान्यात महिने आणि दुसऱ्यात बाळाने करायच्या गोष्टी: मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, चालणे. अध्यापनाचे विद्यार्थी तो पाठ करतात आणि पुढे घरच्या बाळालाही लावतात. शेजारचे बाळ अकराव्या महिन्यात चालले आणि आपले तेराव्यातही भिंत धरूनच आहे, म्हणजे घरात काळजी सुरू! हा तक्ता आला कोठून आणि त्यावर किती भरवसा ठेवावा, हे येथे तपासून पाहू.

अशा तक्त्यांचे मोठे श्रेय अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या आर्नल्ड गेसेल (१८८०-१९६१) यांच्याकडे जाते. एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या पडद्याआडून त्यांनी बाळांचे निरीक्षण केले, चित्रफिती घेतल्या आणि प्रत्येक हालचालीची वयानुसार नोंद ठेवली. तोवर बालविकासावर मते पुष्कळ होती. मोजमाप फार थोडे होते. हे काम मोठे आहे यात शंका नाही. आमचा आक्षेप त्या नोंदींवर नाही, त्यांतून काढलेल्या निष्कर्षांवर आहे.

पहिला आक्षेप नमुन्याचा. गेसेल यांची बाळे प्रामुख्याने न्यू हेवन या एकाच शहरातल्या मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबांतली होती. त्यांची सरासरी ही त्यांची सरासरी. ती सर्व मानवजातीचा नियम कशी होईल?

दुसरा आक्षेप कारणमीमांसेचा. विकास म्हणजे आतल्या घड्याळाप्रमाणे होणारी परिपक्वता, सरावाला त्यात दुय्यम स्थान, असे गेसेल मानत. पुरावा म्हणून जुळ्या बहिणींवरचा १९२९ सालचा प्रयोग सांगितला जातो. एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला. दुसरीला ५३व्या आठवड्यापासून फक्त दोन आठवडे दिला, तरी तिने पहिलीला गाठले. पण ही एकच जोडी होती. शिवाय दुसरी बहीण मधल्या काळात पाळण्यात बांधून ठेवलेली नव्हती. ती रांगत होती, धरून उभी राहत होती. जिन्याचा सराव नव्हता, पण हातापायांचा होताच.

घड्याळाच्या कल्पनेला खरा धक्का दिला तो एस्थर थेलेन यांनी. नवजात बाळाला उभे धरून त्याचे पाय जमिनीला टेकवले, की ते पावले टाकल्यासारखे करते. सुमारे दोन महिन्यांनी हे थांबते. मेंदूचे बाह्यक परिपक्व झाले, की ते ही प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकते, असे स्पष्टीकरण पुस्तकांत असे. थेलेन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक साधा प्रयोग केला. पावले थांबलेल्या बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात धरले, तर पावले परत आली! उलट, लहान बाळांच्या पायांना छोटी वजने बांधली, तर ती कमी झाली. या काळात पायांवर चरबी झपाट्याने चढते, स्नायूंचे बळ मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणजे अडचण केवळ मेंदूत नव्हती, पायांच्या वजनातही होती.

संगोपनाचाही वाटा आहेच. चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये केनियातील किप्सिगिस समाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे आया बाळांना बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. ती बाळे अमेरिकन बाळांपेक्षा लवकर बसत आणि चालत. जे शिकवले जात नाही, त्यात मात्र ती पुढे नव्हती.

मग तक्ता फेकून द्यावा काय? मुळीच नाही. तो नीट वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील ८१६ निरोगी बाळांची आकडेवारी प्रसिद्ध केली. त्यांत दिल्लीची बाळेही होती. आधाराशिवाय चालण्याचे वय निघाले ८.२ ते १७.६ महिने, म्हणजे नऊ महिन्यांहून मोठा पल्ला! गुडघ्या-हातांवर रांगण्याचा पल्ला ५.२ ते १३.५ महिने होता आणि ४.३ टक्के बाळे तशी कधी रांगलीच नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तर आपल्या यादीतून रांगणे काढूनच टाकले.

एका आकड्याऐवजी पल्ला छापला, की दोन्हीकडचे नुकसान टळते. बाराव्या महिन्यात चालत नाही म्हणून बाळाला चाके लावलेल्या वॉकरमध्ये बसवण्याची घाई होणार नाही. अपघातांमुळे कॅनडाने असे वॉकर २००४ मध्ये बंदच केले. दुसरीकडे, दीड वर्ष होऊनही बाळ चालत नसेल किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर "चालेल हळूहळू" म्हणत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवले जाईल.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. वर्गातील मुलांनी आपल्या ओळखीच्या घरांतील बाळे कितव्या महिन्यात चालू लागली ते विचारून आलेख काढावा. सरासरी काढण्याआधी सर्वांत लवकरचे आणि सर्वांत उशिराचे बाळ शोधावे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना निरोगी बाळे असतात, हे मुलांना त्या आलेखातच दिसेल.