लिहिल्याने मन हलके होते का?

'रोज डायरी लिहा, मन हलके होईल,' असा सल्ला मुलांना दिला जातो आणि त्याला विज्ञानाचा आधार आहे असेही सांगितले जाते. हा आधार कितपत भक्कम आहे, ते आपण तपासून पाहू.

दाखला दिला जातो तो बहुधा जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगाचा. ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे त्यांनी चार गट केले. सर्वांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायचे. एका गटाने किरकोळ विषयांवर लिहिले. उरलेल्या तीन गटांनी आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगावर लिहिले : एकाने फक्त घटना, दुसऱ्याने फक्त भावना, तिसऱ्याने दोन्ही. घटना व भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या पुढील सहा महिन्यांत तुलनेने कमी झाल्या.

किरकोळ विषयांचा गट ठेवला, ही या प्रयोगाची जमेची बाजू. तो नसता तर फरक कशामुळे पडला हे सांगताच आले नसते. उणीव आहे ती संख्येची. एका गटात जेमतेम बारा जण! त्यांतले दोघे तापाने पडले तरी सरासरी बदलते. म्हणून असे प्रयोग पुन्हा पुन्हा करावे लागतात, आणि ते झालेही. जोअॅन फ्रॅटारोली यांनी २००६ साली अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यात सरासरी सहसंबंध आला ०.०७५. याचा वर्ग करून पाहा : ०.००५६. म्हणजे माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे अर्धा टक्काच लिहिण्याशी जोडता येतो. हा परिणाम शून्य नाही. वही-पेन्सिलीच्या खर्चात तो मिळत असेल तर टाकाऊही नाही. पण याला रामबाण उपाय म्हणता येणार नाही.

आमचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. १९८६च्या प्रयोगात क्लेशदायक प्रसंगाविषयी भावनांसह लिहिणाऱ्यांचे मन लिहून झाल्यावर लगेच हलके झालेच नव्हते. उलट ते अधिक उदास झाले होते व त्यांचा रक्तदाबही वाढला होता. शिवाय लिहिणारे प्रौढ होते, लेखन गुप्त होते, त्यावर कोणी शेरा मारत नव्हते. शाळेतली डायरी मात्र तपासली जाते. मुले हुशार असतात. तपासणाऱ्याला काय आवडेल तेच ती लिहितात. तो झाला निबंध. त्याला या प्रयोगाचा आधार देता येणार नाही.

तेव्हा डायरीची सक्ती नको, तपासणी नको, गुण तर नकोतच. घरच्या मारहाणीविषयी लिहून मूल पुढच्या तासाला गणिताला बसणार असेल, तर त्या वेळी त्याच्याकडे लक्ष देणारे कोणी आहे ना, याची आधी खात्री करावी. आणि एखाद्या मुलाने आपण होऊन असे पान दाखवलेच, तर 'लिहीत जा' म्हणून त्याची बोळवण करू नये. त्याचे ऐकून घ्यावे आणि गरज वाटल्यास समुपदेशकाची मदत मिळवून द्यावी. ही कामे वहीकडून होणार नाहीत.