हुंकार न मागणारा आवाज

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ मी पहिल्यांदा पाहिला तो मे २०२१ मध्ये, रात्री, लॅपटॉपवर, कानात हेडफोन घालून. व्हेनिसच्या महोत्सवात २०२० साली पटकथेचं पारितोषिक मिळवलेला हा मराठी चित्रपट नुकताच नेटफ्लिक्सवर आला होता. घरातले सगळे झोपले होते. माईंचा आवाज सुरू झाला की मी चित्रपट थांबवून त्यांची वाक्यं वहीत उतरवून घेत होतो. दोन पानं भरली.

दुसऱ्यांदा पाहिला तो गेल्या दिवाळीत, बैठकीच्या खोलीत, ताईबरोबर. ती अकरा वर्षं गाणं शिकली, मग सोडलं. माई बोलू लागल्या, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून शरदची मोटारसायकल संथ गतीने सरकू लागली, आणि ताई म्हणाली, “पण ही बाई बोलतेय कोणाशी?” मी म्हटलं, शिष्यांशी, व्याख्यान आहे ते. “मग मधे कुणी काही विचारत कसं नाही?”

या प्रश्नाने माझा चित्रपट बदलला.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: शरद नेरुळकर हा मुंबईतला ख्यालगायनाचा विद्यार्थी. गुरुजींकडे शिकतो, पोटासाठी जुन्या मैफलींच्या टेप्सवरून सीडी तयार करण्याचं काम करतो आणि मोटारसायकलवर कानात माईंची व्याख्यानं ऐकतो. माई म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरू. आपलं गाणं त्यांनी कधी ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. चित्रपटभर त्यांचा चेहरा आपल्याला दिसत नाही, फक्त आवाज येतो. तो सुमित्रा भावे यांचा आहे. समजावणीचा सूर, कुठेही घाई नाही. तो ऐकताना वही काढावीशी वाटली याची मला अजूनही लाज वाटत नाही.

बहुतेक चर्चांमध्ये हा चित्रपट पुरेशी प्रतिभा नसलेल्या साधकाची कहाणी म्हणून वाचला गेला. ते खरं आहेच. पण आता मला तो संभाषण न जमलेल्या माणसाची कहाणी वाटतो, आणि त्यात कानातल्या त्या यंत्राचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे आजी गोष्ट सांगायची तेव्हा ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचं असे. हुंकार थांबला की गोष्ट थांबे; पोर झोपलं असं समजायचं. राजस्थानात तर बात रंगवायला हुंकारा देणारा माणूस लागतोच. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि ते विषयात फार रमले की निवृत्तीनाथ त्यांना मूळ वाटेवर आणतात. आपल्या परंपरेतलं थोर बोलणं असं अडवलं जाणारं आहे. माईंच्या ध्वनिफितीला हुंकार लागत नाही. शरद झोपला, रडला, सिग्नलला थांबला तरी ती पुढेच जाते.

याच्याशेजारी गुरुजींच्या शिकवणीची दृश्यं ठेवून पाहावीत. अरुण द्रविड स्वतः गायक, त्यामुळे तिथे अभिनयाचा भास उरत नाही. शिष्य जागा घेतो, गुरुजी थांबवतात, स्वतः गाऊन दाखवतात, पुन्हा घ्यायला लावतात. तत्त्वज्ञान जवळजवळ नाही. पण गुरुजींना त्याचा दमलेला गळा ऐकू येतो, त्यालाही त्यांचं म्हातारपण दिसतं; तो त्यांचं अंग चोळतो, त्यांना डॉक्टरकडे नेतो. ताई म्हणाली, “शिकणं हे असं असतं, कंटाळवाणं.” शरदची श्रद्धा मात्र रस्त्यावरच्या आवाजावर जडलेली आहे, कारण तो आवाज त्याची चूक कधीच काढत नाही.

याची किंमत दोन प्रसंगांत दिसते. जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक त्याला समोरासमोर सांगतो की माई तुला वाटतात तशा नव्हत्या. त्या आवाजाबद्दल कुणीतरी उलटं बोलण्याची चित्रपटातली ही एकच वेळ. शरदकडे ना प्रश्न आहे, ना प्रतिवाद. तो ग्लासातलं पाणी त्या माणसाच्या तोंडावर फेकतो. पुढे, तो स्वतः शिकवू लागल्यावर, एका विद्यार्थ्याची आई मुलाला फ्यूजन बँडमध्ये जाऊ द्यावं का असं विचारायला येते, आणि तो मायलेकांना तोडून टाकतो. तो माईंसारखं बोलतो, म्हणजे समोर कुणी नसल्यासारखं.

ध्वनिमुद्रणालाच खलनायक ठरवायचं नाही मला. भीमसेन जोशी अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून लहानपणी घरातून निघाले, आणि पुढे सवाई गंधर्वांच्या दारात पोचले. त्या तबकडीने त्यांना माणसाच्या शोधात धाडलं. शरदच्या खिशातलं यंत्र त्याला माणसापासून सुटका देतं, तेही गुरू घरापासून हाकेच्या अंतरावर असताना. दिवसाच्या शेवटी तो यूट्यूबवर स्वतःच्या गाण्याखालचे शेरे वाचतो. तिथेही बोलणारे आहेत, समोर कुणी नाही.

ताईशी माझंही बोलणं गेली काही वर्षं बहुतेक व्हॉइस मेसेजवरच चालतं. मी रिक्षात चार मिनिटं बोलतो, ती रात्री भांडी घासताना ऐकते, दुप्पट वेगाने. दोघांनाही सोयीचं आहे. मधेच ‘अरे, थांब’ म्हणायला कुणी नसतं, त्यामुळे माझी वाक्यं हल्ली फार व्यवस्थित असतात.

चित्रपटाबद्दल एक तक्रारही आहे. शरदला माईंना काय विचारायचं होतं, हे ताम्हाणे आपल्याला कळू देत नाहीत. त्याच्या मनात एखादा प्रश्न उमटून विरताना दिसला असता तर त्याचं गप्प राहणं अधिक लागलं असतं. इथे ते कधी कधी केवळ स्वभावदोष वाटतं.

त्या रात्री ताईने माझी वही मागून घेतली. एका वाक्यावर तिने बोट ठेवलं: या वाटेने जायचं तर एकटं राहायला आणि उपाशी राहायला शिकावं, अशा अर्थाचं. ती म्हणाली, “आमच्या बाई रियाझाआधी पोहे खायला घालायच्या. न खाता बसलं की ओरडायच्या.” मी म्हटलं, माई वेगळ्या अर्थाने म्हणताहेत. “असेल. पण मी असते तर विचारलं असतं.” चित्रपट थांबलेलाच होता. आम्ही बराच वेळ भांडलो, मग उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहिला.