नदीपलीकडचे देव : देवस्थान-पुस्तिकांतील एक उणीव

देवस्थानांच्या माहितीपुस्तिका, जीर्णोद्धाराच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिका आणि कुलवृत्तान्तांची प्रास्ताविके यांचे मिळून आपल्याकडे एक स्वतंत्र वाङ्मय तयार झाले आहे. समीक्षकांचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही. जत्रेत ते विकत घेतले जाते, देवघराच्या फळीवर पंचांगाशेजारी राहते, आणि 'आपण मूळचे कुठले' हे मुलांना सांगावयाची वेळ आली म्हणजे उघडले जाते. बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील कित्येक घरांत कुलदैवताविषयीचे सारे ज्ञान या वीस-पंचवीस पानांतूनच आलेले असते. जे वाङ्मय इतक्या श्रद्धेने वाचले जाते त्याची परीक्षाही व्हावयास हवी. आम्ही ती येथे एकाच अंगाने करणार आहोत. एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात आपले देव आणि आपले पूर्वज का गेले, आणि गेल्याची त्यांना खंत वाटली की नाही, या दोन प्रश्नांस ह्या पुस्तिका काय उत्तर देतात, एवढेच पाहावयाचे आहे.

साचा ठरलेला आहे. आरंभी सह्याद्रिखंडाचा आधार घेऊन परशुरामाने त्रिहोत्राहून ऋषींची कुळे गोमांचलात आणल्याची कथा येते. तेथून लेखक एकदम १५१० सालावर उडी घेतो. पोर्तुगीज येतात, छळ सुरू होतो, आणि मग ती काळोखी रात्र उगवते. देव पालखीत बसतात, पालखी होडीत चढते, होडी जुवारी ओलांडते आणि पहाटे अंत्रुज महालात नव्या संसाराला प्रारंभ होतो. पुढील पानावर नव्या मंदिराचे वर्णन, त्यानंतर वार्षिक उत्सव, आणि शेवटी देणगीदारांची नामावळी. व्याकरणाकडे लक्ष देणाऱ्या वाचकाला येथे एक गोष्ट खटकेल. पहिल्या स्थलांतरात आपल्याला कोणीतरी 'आणले', दुसऱ्यात आपल्याला 'जावे लागले'. 'आम्ही गेलो' असे साधे कर्तरी वाक्य या वाङ्मयात शोधूनही सापडत नाही. जणू काय करावे, जावे की राहावे, हा विचार आपल्या पूर्वजांनी कधी केलाच नाही!

आमचा पहिला आक्षेप त्या 'रातोरात' या शब्दावर आहे. एखादी मूर्ती रात्री हलविली गेली असेल, नव्हे, गेलीच असेल. पण गाव रातोरात हलत नाही. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. दिवाडीचे सप्तकोटीश्वर पुढे डिचोलीतील नार्वे येथे स्थिरावले. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, मंगेश १५६० साली प्रियोळास गेला. सांखवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगेस गेला तो १५६७ साली. साष्टीतील देवळांचा मोठा विध्वंस झाला तोही त्याच सुमारास. तेव्हा कुशस्थळीकरांनी विध्वंसाची लाट अंगावर येण्यापूर्वीच, शेजारच्या तिसवाडीत वीस वर्षांपूर्वी काय घडले ते पाहून निर्णय घेतला, असे म्हणावयास जागा आहे. इतरांनी अखेरपर्यंत वाट पाहिली. हा फरक लहान नव्हे. आधी गेलेल्याच्या पदरी दूरदृष्टी येते, पण आपण घाई तर केली नाही ना, ही शंकाही त्याच्याच वाट्याला येते. शेवटी गेलेला तिच्यातून सुटतो. आमच्या पुस्तिकांनी दोघांनाही एकाच होडीत बसवून ही सारी भिन्नता पुसून टाकली आहे.

दुसरा आक्षेप कारणांविषयी आहे. 'धर्मच्छळ' या एका शब्दात सर्व कारणे आवरली जातात. शब्द खोटा नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि मधली थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत टिकले, हे कोण नाकारील? परंतु हे न्यायासन मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या पाखंडाची चौकशी करणारे होते. हिंदू गृहस्थाला घराबाहेर काढणारी कारणे अधिक घरगुती आणि म्हणून अधिक निर्दय होती. १५४१ साली तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविले गेले. देवळाची जमीन गेली म्हणजे पुजारी, वाजंत्री, भाविणी, फुलकार, सर्वांचेच पोट गेले. १५५९ च्या फर्मानाने पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती शिक्षणासाठी धर्मसंस्थेच्या स्वाधीन करावयाचे ठरले. नवरा आजारी पडला की लहान मुलांच्या आईच्या मनात काय येत असेल याची कल्पना करावी. गावकरीच्या सभेत ख्रिस्ती गावकरांना अग्रमान देणारे नियम झाले. ज्या सभेत आपल्या आज्याचे नाव प्रथम उच्चारले जाई तेथे आपले नाव मागे पडणे, ही गोष्ट गावकऱ्याला मूर्तिभंगाइतकीच झोंबली असेल. पोर, जमीन आणि मान या तिहींची ही कारणे पुस्तिकांत का येत नाहीत? ती लिहिली तर पूर्वजांची भक्ती उणी दिसेल, अशी भीती लेखकांस वाटत असावी. आम्हांस ती भीती निराधार वाटते. ज्याला पोराची काळजी आहे त्याचीच देवावरची भक्ती खरी, असे आपल्या संतांचे शिक्षण आहे.

ज्या राज्यात आपण गेलो त्याविषयीचे मौन तर याहून गमतीचे आहे. १५६० च्या दशकात अंत्रुज महाल विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होता. देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलुखात. कित्येक पुस्तिका 'नदीपलीकडे सुरक्षित प्रदेशात' एवढ्यावर हा प्रसंग उरकतात. काहींत तर सोंद्याचे राजे आणि मराठे इतक्या लवकर रंगमंचावर येतात की मधले शतक वाचकाच्या ध्यानातच येत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी सप्तकोटीश्वराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली ती १६६८ साली, आणि फोंडा किल्ला घेतला तो १६७५ साली. तोवर आपली शंभराहून अधिक वर्षे तेथे गेली होती. ज्याच्या राज्यात घंटा वाजविता आली त्याचे नाव एका ओळीत घेतल्याने कोणाचा अवमान होण्याचे कारण नाही.

आता मुख्य उणिवेकडे येऊ. या कथांत दोनच पक्ष असतात, छळणारे आणि जाणारे. राहणारे कोठे आहेत? प्रत्येक गावात काही घरे गेली आणि काही राहिली. एकाच घरातील एक भाऊ पालखीबरोबर गेला आणि दुसरा जमिनीजवळ राहून बाप्तिस्मा घेता झाला, हेही घडले. जाणाऱ्याने जमीन सोडली आणि देव राखला. राहणाऱ्याने देव सोडला आणि जमीन राखली. दोघांनीही काहीतरी राखले व काहीतरी गमावले, आणि काय राखावे याविषयी त्यांचे एकमत झाले नाही. ही आपल्या स्थलांतराच्या कथेची खरी गाभ्याची घटना होय. तिला वगळून लिहिलेला इतिहास देवळाचा असेल, गावाचा नसतो. जाता जाता हेही सांगावयास हवे की, पालखीचे भोई, होडी वल्हविणारे, नव्या जागी रान तोडणारे यांची नावे तर सोडाच, त्यांच्या जातींचाही उल्लेख बहुधा नसतो. पुस्तिका महाजनांनी लिहविलेली असते, एवढेच त्याचे कारण.

स्थलांतराची खंत होती काय? 'पश्चात्ताप' हा शब्द येथे चालणार नाही, कारण त्यात पापाचा वास आहे. आमची पृच्छा हळहळीविषयी आहे. लौकिक दृष्टीने पाहिले तर हळहळण्याजोगे काही दिसत नाही. नव्या मुलुखात देवांचे वैभव वाढले. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे मंदिर १७३८ च्या सुमारास शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. मंगेशाला पेशव्यांकडून १७३९ साली गाव इनाम मिळाला तो रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या खटपटीने. हे सुखटणकर म्हणजे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी, हे ग्वाल्हेरच्या वाचकांस सांगावयास नको. आणि या नव्या मंदिरांचा घाट पाहा! गर्भगृहावर अष्टकोनी बैठकीचा घुमट, भिंतींत गोल कमानींच्या खिडक्या, सभामंडपात काचेची झुंबरे. ज्यांनी घालवून दिले त्यांच्या चर्चांची ओळख या भिंतींत स्पष्ट दिसते. सूडबुद्धी असती तर असे झाले नसते. विस्मरण मात्र नव्हते, एवढे त्यावरून कळते.

पुढे फोंडा महालही १७६३ साली पोर्तुगीजांकडे गेला. ज्याच्यापासून पळालो तो दोनशे वर्षांनी मागून आला. पण आता तो धर्मस्थानांना हात न लावण्याचे अभिवचन देऊन आला. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक झाले व हिंदूंना समान हक्क मिळाले. १९६१ साली गोवा मुक्त झाला. परत जाण्यास आता अडथळा कोणाचा होता? तरीही मंगेश कुठ्ठाळीस गेला नाही, रामनाथ लोटलीस गेला नाही, कामाक्षी शिरोड्याहून रायला गेली नाही. चारशे वर्षांत तळी खोदली गेली, माड लागले, घरे वाढली. दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतले ते या दुसऱ्या गावच्या देवावरून. पाहुणा म्हणून आलेला देव यजमान झाला होता. या न परतण्याचा विचार करणारे एकही प्रकरण आम्हांस या वाङ्मयात आढळले नाही, आणि त्याची खंत मात्र आम्हांस आहे.

पुस्तिकांत जे नाही ते नावांत आणि विधींत आहे. फातर्प्याची शांतादुर्गा शतकानुशतके फातर्प्यात राहते, पण तिला फातर्पेकरीण म्हणत नाहीत. ती कुंकळ्ळीकरीण. सासरी आयुष्य गेलेल्या स्त्रीला माहेरच्या गावाने ओळखावे, तसे हे नाव आहे. दरवर्षी फाल्गुनात छत्र्यांच्या उत्सवात ती कुंकळ्ळीस मूळ जागी येते. बारा वांगडांच्या छत्र्या तिच्यापुढे असतात आणि गावचे ख्रिस्ती गावकरही त्या सोहळ्यात आपला मान राखून असतात. १५८३ साली याच कुंकळ्ळीने पाच जेझुइट पाद्र्यांना ठार मारले आणि त्याची जबर किंमत दिली. अशा गावात हे चालते! देवी येते आणि परत फातर्प्याला जाते. स्थलांतराच्या खंतीचे याहून नेमके लेखन आम्हांस कोणत्याही ग्रंथात दिसले नाही. वेर्ण्याच्या म्हाळसेबरोबर तर गावाचे नावच गेले, आणि मूळ जागा 'जुनें मार्दोळ' होऊन बसली. मडगावच्या दामोदराच्या मागे मठग्रामस्थ शिशिरोत्सवात अजूनही जांबावलीस मुक्कामाला जातात. सात बहिणींपैकी एक मिराबाई ख्रिस्ती होऊन म्हापशाची मिलाग्रिस सायबीण झाली आणि शिरगावच्या लईराईचे तिच्याशी नाते तुटले नाही, ही लोककथा तर राहिलेल्या भावंडाला थेट घरात घेते. निरक्षर म्हाताऱ्यांना जे सांगता आले ते पदवीधर संपादकांना का साधू नये?

ग्रंथकारांत प्रियोळच्याच अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली गोव्यातील इन्क्विझिशनवर इंग्रजीत लिहून कायदे व फर्माने यांचा पाया घातला. परंतु त्यांचा विषय ते न्यायासन होता, नदी ओलांडणाऱ्याचे मन नव्हे. रुई गोमिश परैरा यांचे हिंदू देवळे व देवता यांवरील इंग्रजी पुस्तक १९७८ साली निघाले. एका ख्रिस्ती गोमंतकीयाने कोणत्या गावात कोणकोणते देव होते व ते कोठे गेले याची गाववार नोंद करावी, आणि आपण मात्र देव आज जेथे आहे तेथूनच कथा सुरू करावी, ही तुलना आपल्याला फारशी भूषणावह नाही. परैरांची यादी कोरडी आहे, पण ती जुन्या गावात उभी राहून केलेली आहे. लोटलीकर, रायकर, वेर्णेकर, कुंकळ्येकर अशी आडनावे घेऊन बेळगावात किंवा बडोद्यात राहणाऱ्या माणसाला तीतून स्वतःच्या नावाचा अर्थ लागतो.

अलीकडे वेर्णे येथे जुन्या जागी म्हाळसेचे मंदिर पुन्हा उभे राहिले आहे आणि मार्दोळचेही आहे तसेच आहे. एका देवीची आता दोन घरे झाली, आणि दोन्हीकडे पुस्तिका लागणार. मार्दोळच्या पुस्तिकेत जी रात्र निघण्याची आहे ती वेर्ण्याच्या पुस्तिकेत मागे राहिल्याची असावयास पाहिजे. तेथील लेखक ते प्रकरण कसे लिहितो, आणि त्यात शेजारच्या ख्रिस्ती घरांना जागा देतो की नाही, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.