पायथॉनचा वेग : काटा कुठे लावायचा?

रिसोडच्या बाजारात सोयाबीन विकायला आलेला शेतकरी एकेक दाणा तोलत नाही. भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर चढते, मग रिकामी. वजाबाकी झाली की हिशेब संपला. पायथॉनमधला प्रोग्राम रांगतो अशी तक्रार कानावर येते, तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी दाणे तोलत बसलेलं असतं.

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली लोकांसमोर ठेवलेल्या या भाषेत चलाचा प्रकार आधी सांगावा लागत नाही. लिहिणाऱ्याची ही सोय चालवणाऱ्या इंटरप्रिटरला भोवते. साध्या बेरजेआधीही त्याला तपासावं लागतं : समोर आलेला पूर्णांक आहे, दशांश आहे की अक्षरांची माळ? एकदा तपासलं तर कळतही नाही. लूपमध्ये अब्जावधी वेळा तपासलं की चहा थंड होतो.

तरीही अतिशय जड गणितं याच भाषेतून चालवली जातात, आणि त्याचं उदाहरण रिसोडपासून लांब नाही. सेनगाव, हिंगोली ओलांडलं की औंढा नागनाथ परिसरात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोला १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर सापडली, तेव्हा विदा चाळणाऱ्या प्रणालींपैकी एक, पायसीबीसी, पायथॉनमध्येच होती. अपेक्षित लहरींचे सुमारे अडीच लाख नमुने संकेताशी ताडून पाहायचे होते.

हे जमलं कसं? सेकंदाला ४,०९६ नोंदी धरल्या तर २५६ सेकंदांत १०,४८,५७६ नोंदी होतात. एक नमुना प्रत्येक जागी सरकवून ताडला तर गुणाकार एक लाख कोटींच्या वर जातात. वेगवान फूरिये रूपांतर वापरलं की तेच काम काही कोटींत आटोपतं. हजारो पटींची ही बचत कागदावरच होते. भाषा कोणती, हा प्रश्न तोवर आलेलाही नसतो. गुरुत्वीय लहरींच्या शोधात अशी कागदावरची बचत करण्याच्या विचाराचे एक मानकरी म्हणजे आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संजीव धुरंधर. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी १९९१ साली अशा नमुन्यांची निवड कशी करावी हे मांडलं. सौम्य मोहंती यांच्यासह १९९६ साली दुपदरी चाळणी सुचवली : आधी जाड चाळणी, संशय आला तिथेच बारीक.

उरलेला वेग काटा बदलून मिळतो. नमपाय ही लायब्ररी आकड्यांची अख्खी रांग एकदम सी भाषेतल्या कोडकडे सोपवते. हाच आपला भुईकाटा. नंबा आकडेमोडीच्या फंक्शनचं थेट यंत्रभाषेत रूपांतर करते, पण शब्दकोश आणि मजकुराच्या गुंत्यात अडखळते. सायथॉन कोड सीमध्ये उतरवून वेग देते, मात्र प्रकार लिहिण्याची टाळलेली मेहनत परत मागते. पायपाय ही पायथॉन चालवणारी वेगळी प्रणाली शुद्ध पायथॉनमधले लूप झपाट्याने पळवते. सीवर टेकलेल्या लायब्ररींशी तिचं तितकंसं जमत नाही.

खुद्द इंटरप्रिटरही सुधारतो आहे. २०२२ ची ३.११ आवृत्ती आधीच्यापेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान असल्याचं तिच्या निर्मात्यांनी नोंदवलं. एका वेळी एकाच धाग्याला पायथॉन चालवू देणारं जुनं कुलूप २०२४ च्या ३.१३ मध्ये प्रयोग म्हणून काढता येऊ लागलं. ही कामं मोलाची आहेत. पण चुकीच्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रामला २५ टक्के म्हणजे दिवाळीची सूट, कर्जमाफी नव्हे.

म्हणून नवी आवृत्ती आली की वेग आपोआप येईल, ही आशा मला भाबडी वाटते. आधी पायथॉनसोबतच येणारं सीप्रोफाइल हे मोजमापाचं साधन चालवून वेळ नेमका कुठे जातो ते पाहावं, मग पद्धत बदलावी, मग लूप नमपायकडे द्यावा. भाषा बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी. लायगोची विदा आणि ती उलगडणारी पायथॉनमधली उदाहरणं कुणालाही फुकट मिळतात. रिसोडच्या विद्यार्थ्याने साध्या लॅपटॉपवर २०१५ ची ती लहर आधी लूप लिहून शोधावी, मग फूरियेने. दोन्ही वेळा घड्याळ लावायला विसरू नये.