कान्हपाद : दंतकथा आणि पदे

सिद्ध कान्हपाद ऊर्फ कृष्णाचार्य हे नाव मराठी वाचकास सर्वस्वी परके नाही. नवनाथांतील कानिफा आणि वज्रयानी सिद्ध कान्हपाद या दोघांचेही गुरू जालंधरच मानले जातात; त्यामुळे या दोन परंपरांचे नाते अभ्यासकांनी पुष्कळदा चर्चिले आहे. तथापि ‘नवनाथ भक्तिसारा’तील कानिफा चमत्कारांनी ओळखला जातो. अभयदत्ताने सांगितलेली आणि तिबेटी भाषांतरातून टिकलेली सिद्धचरित्रेही आख्यायिकांनीच भरलेली आहेत. कवी कान्हपाद भेटतात ते चर्यापदांत.

हरप्रसाद शास्त्री यांना ही पोथी १९०७ मध्ये नेपाळात मिळाली व १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तीत सर्वाधिक पदे कान्हपादांचीच आहेत. दहाव्या पदातील डोंबीची झोपडी नगराबाहेर आहे. तिच्यासाठी कवी कापालिक होतो, गळ्यात हाडांची माळ घालतो. एकोणिसाव्या पदात तर वाद्यांच्या गजरात तिच्याशी विवाह होतो.

मुनिदत्ताच्या संस्कृत टीकेनुसार डोंबी म्हणजे नैरात्मा. हा अर्थ संप्रदायसिद्ध आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. परंतु संध्याभाषेची किल्ली हाती आली की मूळ चित्र पुसून टाकावे, ही जी वृत्ती अध्यापनात रूढ झाली आहे, तिच्याशी आम्ही सहमत नाही. नैरात्म्य म्हणजे ‘मी’चा लोप, आणि कुलाभिमान हे त्या ‘मी’चे एक बळकट रूप होय. जिचा स्पर्श निषिद्ध, तिलाच वरल्यावाचून तो अभिमान गळावा कसा? डोंबी खरोखर गावकुसाबाहेरची आहे, म्हणूनच ती नैरात्मेचे प्रतीक होऊ शकते. झोपडी काढून घेतली की प्रतीकही निर्जीव होते.

मात्र यावरून कान्हपादांस समाजसुधारक ठरविणे हाही अतिरेकच होय. त्या दहाव्या पदात कवी डोंबीस प्रश्न विचारतो, तिचे उत्तर मात्र आपणांस ऐकू येत नाही. मुक्ती साधकाची आहे. डोंबीचे घर नगराबाहेरच राहते. ही उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही.

कान्हपादांचा वारसा दंतकथांहून या पदांतच अधिक जिवंत आहे. शिक्षकांनी ती शिकविताना आधी झोपडी दाखवावी, मग नैरात्मा सांगावी; आणि शेवटी डोंबीच्या मौनापाशी विद्यार्थ्यांस क्षणभर थांबवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.